ऑनलाइन विक्रेता बेभरवशाचा निघाल्यास : आमच्या व्यावसायिक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतील किंवा शाहूपुरीतील पेढीवरून माल घेताना दुकानदार आपल्या परिचयाचा असतो, त्याचा पत्ता सर्वांना ठाऊक असतो आणि खराब निघालेला नग दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून परत नेता येतो. सुरत, दिल्ली किंवा तिरुपूरच्या विक्रेत्याकडून मोबाइलवर माल मागवताना हा परिचय नसतो. त्याची उणीव कागदपत्रांनीच भरून काढावी लागते, आणि ती पैसे पाठवण्यापूर्वी भरून काढलेली बरी. हिशेब व जीएसटीच्या कामानिमित्त आमच्या कार्यालयात येणारे चप्पल व्यावसायिक, बेकरीवाले, गूळ व्यापारी आणि उद्यमनगरातील छोटे कारखानदार याविषयी वारंवार विचारणा करतात, म्हणून हे माहितीपत्रक देत आहोत.

पैसे पाठवण्यापूर्वी

विक्रेत्याकडून सर्वप्रथम त्याचा जीएसटी क्रमांक मागून घ्यावा. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्य दर्शवतात (महाराष्ट्रासाठी 27, गुजरातसाठी 24, दिल्लीसाठी 07, तमिळनाडूसाठी 33) आणि पुढील दहा अक्षरे म्हणजे विक्रेत्याचा पॅन असतो. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही हा क्रमांक टाकून पेढीचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि अलीकडची विवरणपत्रे भरली आहेत की नाहीत, हे पाहता येते. नोंदणी अगदी अलीकडची असली म्हणून विक्रेता लबाड ठरत नाही; परंतु "वीस वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या महिन्यातली दिसली, तर पूर्वी व्यवसाय कोणत्या नावाने होता हे विचारण्यात संकोच करू नये.

त्यानंतर पैसे कोणाच्या खात्यात जाणार आहेत ते पाहावे. एकल मालकीच्या पेढीचे कायदेशीर नाव मालकाचेच असते, त्यामुळे यूपीआयवर व्यक्तीचे नाव दिसणे संशयास्पद नाही. मात्र ते नाव पोर्टलवरील नावाशी जुळत नसेल आणि विक्रेता "भावाचे खाते आहे" किंवा "अकाउंटंटचे आहे" असे सांगू लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिली ऑर्डर छोटी ठेवावी. मोठ्या ऑर्डरवर सवलत असली तरी हा नियम मोडू नये.

बिलाशिवाय स्वस्त मिळणारा माल

ही बाब आम्हांला सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावी लागते. समजा, पॅकिंग मशिनची किंमत 40,000 रुपये आहे आणि 18 टक्के जीएसटी धरून बिल 47,200 रुपयांचे होते. दुसरा विक्रेता तेच मशिन बिलाशिवाय 42,000 रुपयांना देऊ करतो. वरवर पाहता 5,200 रुपये वाचतात. परंतु नियमित जीएसटी भरणाऱ्या आणि क्रेडिटला (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करून घेण्याला) पात्र असलेल्या व्यावसायिकाला पक्क्या बिलावरील 7,200 रुपयांचे क्रेडिट मिळते, म्हणजे त्याला ते मशिन प्रत्यक्षात 40,000 रुपयांनाच पडते. बिलाशिवाय घेतलेले मशिन 2,000 रुपयांनी महाग पडते आणि पुढे वाद झाला तर खरेदीचा पुरावाही हाती राहत नाही. कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) ग्राहकांना क्रेडिट मिळत नसल्याने त्यांना हे गणित लागू नाही. पुराव्याचा मुद्दा मात्र त्यांनाही तितकाच लागू आहे.

ऑनलाइन संकेतस्थळावर घरच्या वैयक्तिक खात्यावरून ऑर्डर दिल्यास बिलावर आपला जीएसटी क्रमांक येत नाही आणि क्रेडिट हातचे जाते. व्यवसायाचे स्वतंत्र खाते उघडून त्यात क्रमांक नोंदवावा. परराज्यातील नोंदणीवरून थेट कोल्हापूरला आलेल्या मालाच्या बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरील जीएसटी) असावा. त्याऐवजी सीजीएसटी व एसजीएसटी (राज्यांतर्गत विक्रीवरील केंद्राचा व राज्याचा जीएसटी) दिसल्यास बिल दुरुस्त करून घ्यावे.

"माल निघाला" असे कळवल्यावर

परराज्यातून येणाऱ्या मालाचे मूल्य 50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर सर्वसाधारणपणे ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचे कागदपत्र) आवश्यक असते; महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा एक लाख रुपये आहे. त्यामुळे माल निघाल्याचे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे ई-वे बिलाचा क्रमांक आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल वाहतुकीसाठी घेतल्याची पावती) मागावी. दोन्हींपैकी काहीच देता येत नसेल, तर माल बहुधा अजून गोडाऊनमध्येच आहे. आपण न मागवलेल्या मालाचे ई-वे बिल आपल्या नावाने निघालेले दिसल्यास ते 72 तासांच्या आत ई-वे बिलाच्या पोर्टलवर नाकारता येते.

माल हाती आल्यावर खोके फोडण्यापूर्वीपासून सलग व्हिडिओ काढावा आणि खोके फुटलेले असल्यास पोहोच पावतीवर तसा शेरा लिहूनच सही करावी. 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार खरेदीदाराला माल तपासण्याचा हक्क आहे. परंतु नापसंती न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतल्यास तो स्वीकारला असे धरले जाते. फोनवरील बोलणे पुढे सिद्ध करणे कठीण असते, म्हणून नकार ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर, कोणता दोष आहे ते नेमके लिहून, लगेच कळवावा.

दाद कोठे मागावी

संकेतस्थळामार्फत खरेदी केली असल्यास तेथील तक्रार अधिकाऱ्याकडे प्रथम लेखी तक्रार करावी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मात्र पुनर्विक्रीसाठी माल घेणारा व्यापारी ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत "ग्राहक" ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेतली असेल, उदाहरणार्थ स्वतः शिवणकाम करणाऱ्या भगिनीने घेतलेले शिलाई मशिन, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. इतरांना वकिलामार्फत नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग उरतो. त्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते.

विक्रेताच बनावट निघाला आणि पैसे घेऊन गायब झाला, तर वाट न पाहता 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. संभाषण, पावत्या आणि व्हिडिओ मूळ मोबाइलमध्ये जपून ठेवावेत. केवळ स्क्रीनशॉटच्या छापील प्रतींवर विसंबून राहू नये.

वाद चालू असताना त्या बिलाचे क्रेडिट आम्हांला न विचारता घेऊ नये. माल हाती आलेला नसेल किंवा परत पाठवला असेल, तर 2बी मध्ये (विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या क्रेडिटच्या पत्रकात) बिल दिसत असूनही त्याचे क्रेडिट घेता येत नाही, आणि परत पाठवलेल्या मालासाठी विक्रेत्याकडून क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) मिळवावी लागते. 2बी दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होते. त्यामुळे वादग्रस्त बिल, बिल्टी, बँकेचा उतारा आणि नकाराचा संदेश 14 तारखेपूर्वी कार्यालयात आणून द्यावा, म्हणजे त्या महिन्याच्या विवरणपत्रात त्याची योग्य दखल घेता येईल.