कव्हरच रेकॉर्डला नडते तेव्हा

जुलैत गोव्यातल्या हवेची आर्द्रता नव्वदीच्या घरात जाते आणि कपाटातली जुनी रेकॉर्ड कव्हरे फुगू लागतात. साध्या पुठ्ठ्याचे फारसे बिघडत नाही. कडेला पांढरी बुरशी धरते, ती कोरड्या फडक्याने पुसली की भागते. पंचाईत होते ती झिपच्या, पत्र्याच्या डब्याच्या नि फिरत्या चकतीच्या कव्हरांची. तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्या गोंयकारांच्या, पेट्यांतून किंवा हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून घरात आलेली अशी कव्हरे आज बरीच महाग झाली आहेत, आणि ती सांभाळायची तर ती तशी का घडवली हे ठाऊक हवे.

‘अल्बम’ हा शब्द मुळात पुस्तकाचा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीनचार मिनिटेच मावत, म्हणून मोठ्या रचनेच्या चारपाच तबकड्या कागदी खिशांत घालून फोटोंच्या अल्बमसारख्या बांधत. १९४० च्या आसपास अमेरिकेत या बांधणीवर चित्रे छापायला सुरुवात झाली. १९४८ मध्ये विनाइलची लाँग प्ले आली, पुस्तकाची गरज संपली, नाव मात्र एकट्या तबकडीला चिकटले. तेव्हापासून कव्हर म्हणजे साधारण साडेएकतीस सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा चौरस. त्याला फाटा देण्याची खरी चढाओढ १९६७ पासूनची.

त्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बँडच्या कव्हरावर सोलता येणारे केळ्याचे स्टिकर आले. ते लावायला खास यंत्र लागले आणि त्यात वेळ गेला. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये तंबाखूच्या डबीसारखे गोल कव्हर निघाले. १९७० च्या एका कव्हरात पुठ्ठ्याची चकती रिव्हेटवर फिरे आणि भोकांतून निरनिराळी चित्रे दिसत. आपल्याकडच्या पावसात ही चकती फुगून अडते. जोर लावून फिरवली की रिव्हेटभोवतीचे भोक फाटते, मग ती कायमची लोंबकळते. अडली तर तशीच सोडावी. डिसेंबरात आपोआप मोकळी होते.

पण या सगळ्या इतिहासात वाद व्हावा असा निर्णय एकच, १९७१ च्या झिपचा. पुढच्या बाजूला जीन्सचा फोटो आणि त्यावर उघडमीट करणारी खरी धातूची झिप. माल खोक्यांत रचून दुकानांकडे निघाला तेव्हा वरच्या प्रतींचे वजन झिपच्या सरकत्या खटक्यावर आले आणि तो शेजारच्या प्रतीतल्या तबकडीत रुतला. दुसऱ्या बाजूच्या एका गाण्यावर खोच पडून सुई उडू लागली. झिप काढून टाकण्याऐवजी वेगळीच तोड निघाली: माल पाठवण्याआधी प्रत्येक झिप हाताने अर्धी खाली ओढायची. मग खटका कव्हराच्या मध्याशी येतो, आणि तिथे तबकडीवर असते दहा सेंटिमीटर व्यासाचे कागदी लेबल. लेबलवर आवाजाची खाच नाही, त्यामुळे खोच पडली तरी आवाजाला धक्का नाही.

ही तोड हुशारीची होती यात शंका नाही. पण तिने दुखणे हटवले नाही, फक्त जागेवरून सरकवले. संग्राहकांत आजही दोन तट आहेत. चित्र पूर्ण दिसावे म्हणून झिप बंद ठेवणारे एकीकडे, कारखान्यातून आली तशी अर्धी उघडी ठेवणारे दुसरीकडे. आमच्या मते किनाऱ्याजवळच्या घरात बंद झिप ही सरळ चूक आहे. खाऱ्या हवेत खटका आणि दाते गंजतात, बंद स्थितीत जाम होतात, आणि मग तो खटका नेमका गाण्यांच्या खाचांसमोर अडकून बसतो. खटका कव्हराच्या वरच्या कडेपासून ११ ते २० सेंटिमीटरच्या पट्ट्यात ठेवावा. तबकडी बाहेर काढून पॉलिथिनच्या आतल्या पिशवीत, साध्या पांढऱ्या कव्हरात घालावी आणि झिपच्या कव्हरामागे उभी करावी. पुढच्या कव्हराच्या आड एक जाड पुठ्ठा द्यावा. दाते शेजाऱ्याचे चित्र खरवडतात, त्याला दुसरा उपाय नाही.

१९७३ चे लायटरसारखे उघडणारे कव्हर २०,००० प्रतींनंतर थांबले, कारण प्रत्येक बिजागरीचा रिव्हेट हाताने ठोकावा लागे. १९७९ मध्ये फिल्मच्या डब्यासारख्या पत्र्याच्या डब्यात तीन बारा इंची तबकड्या आल्या, मध्ये नुसत्या कागदी चकत्या. डबा इतका घट्ट की नखाने उचकटताना कडा खरवडतात. मऊ कापड घेतलेल्या तळहातावर डबा उपडा करावा, सगळे एकदम उतरते. पुढच्याच वर्षी तीच गाणी साध्या जोडकव्हरात निघाली. १९८० चे सॅंडपेपरचे कव्हर तर शेजारच्या कव्हरांना ओरखडे पडावेत म्हणूनच केलेले होते. ते वेगळ्या खणात ठेवावे.

दमटपणाची काळजीच नसलेले कव्हर एकच, आणि त्याचा धागा फोंड्याजवळच्या केरीपर्यंत येतो. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर अंतराळयानांवर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ॲल्युमिनियमच्या कव्हरासोबत सुई आणि ती धरणारी कार्ट्रिजही दिली. एका फेऱ्याला ३.६ सेकंद हा वेग भाषेविना, हायड्रोजन अणूच्या मोजमापात कोरला. कव्हरावर युरेनियम २३८ चा पातळ थर आहे, तो किती क्षय पावला यावरून कव्हराचे वय काढता येईल. वाजवण्याची कृती, साधने आणि घड्याळ तिन्ही अंगावर वागवणारे दुसरे कव्हर नाही.

इथल्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत पुढे कॅसेट आणि डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) चालले. उष्म्यात विनाइल वाकते, हे त्यामागचे एक मोठे कारण. विनाइल पुन्हा छापले जाऊ लागल्यावर करामत कव्हराकडून तबकडीकडे सरकली. २०१४ च्या एका अमेरिकन तबकडीत लेबलच्या कागदाखाली गाणी लपवली होती. ती ऐकताना सुई कागदावरून घासत जाते, म्हणून चांगली सुई तिथे लावू नये. द्रव भरलेल्या तबकड्या तर शिवणीतून झिरपतात.

नवी प्रत कितीही देखणी असो, तिचे श्रिंकरॅप, म्हणजे वरचे ताणून बसवलेले प्लॅस्टिकचे वेष्टन, इथे काढूनच टाकावे. उष्म्याने ते आवळते आणि तबकडीला बाक येतो. बाहेरची पिशवी पीव्हीसीची नको, तिच्यातले प्लॅस्टिसायझर विनाइलवर धुरकट डाग सोडते, पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी. खणात निळ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर, पुन्हा निळे होईपर्यंत वाळवावेत. जून ते सप्टेंबर हे दर आठवड्याचे काम आहे.