नऊ बांगडे आणि एक पदवी

जूनचा दुसरा आठवडा होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या ताडपत्रीखाली आणि आमच्या मासळी प्रक्रियेच्या प्लांटमध्ये वर्षात क्वचित मिळणारी शांतता. हा मोकळा वेळ हेरून किनाऱ्यावरच्या एका कॉलेजने आम्हा चार प्लांटवाल्यांना बोलावलं. मत्स्यविज्ञानाच्या पदवीची शेवटची परीक्षा नुकतीच दिलेल्या मुलांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. नोकरी द्यायची नव्हती, मुलांना गुणही मिळणार नव्हते. "मुलांचं मार्कशीट आम्हीच देतो. आता आमचं तुम्ही द्या," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या.

मागणी वाजवी होती. पेपर काढणारे तेच, शिकवणारे तेच आणि तपासणारेही बहुधा तेच. मुलांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतात, पण त्यातून शिकवणं आवडलं की नाही एवढंच कळतं. वॉशिंग्टन करार म्हणजे देशांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या मानायचा करार; भारत 2014 मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना 'काय शिकवलं' यापेक्षा 'शिकलेला काय करू शकतो' हे दाखवावं लागतं. तो प्रश्न हळूहळू बाकीच्या पदव्यांपर्यंतही आला आहे. करू शकतो का, हे विचारायला रोज ते काम करणारी माणसं बोलवावीत, ही कल्पना त्यातलीच.

मी बसल्या बसल्या एक गोष्ट विचारली: मुलं निवडली कशी? उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं, "चांगली बोलणारी वीस काढलीत." मी म्हटलं, मॅडम, मग घरी जातो.

कारण आमच्या धंद्यात एका माशावरून लॉट पास होत नाही. बांगडा, कुपा, तारली या मासळीत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी बर्फाविना राहिली की काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते खाल्लं तर थोड्याच वेळात अंगावर लाल चट्टे, खाज, डोकेदुखी. शिजवून किंवा गोठवून ते जात नाही आणि वासावरून कळेलच असंही नाही. शिवाय एका मासळीत भरपूर आणि शेजारच्या मासळीत जवळपास काही नाही, असंही होतं. म्हणून युरोपीय संघाच्या नियमात एका लॉटमधून नऊ नमुने घेतात. त्यांची सरासरी किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या वर नको, 100 ते 200 च्या मधले जास्तीत जास्त दोन चालतील, 200 च्या वर एकही नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात ढवळलेला असला तर. नमुने वरचे तजेलदार बघून काढले, तर परीक्षा लॉटची होत नाही, काढणाऱ्याच्या नजरेची होते. मॅडमनी हसून मान्य केलं. साठ हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून वीस उचलल्या.

प्रश्न सगळ्यांना तेच. त्यातला एक माझा: "धक्क्यावरून बांगड्याचा क्रेट आला. वरच्या मासळीचं तापमान 3 अंश, तळाच्या मासळीचं 11. काय करशील?"

पहिल्या मुलाने हॅसेपची, म्हणजे अन्नात धोका कुठे शिरतो ते शोधून तिथेच रोखायच्या पद्धतीची, सात तत्त्वं क्रमाने म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही. "छान. पण क्रेटचं काय?" शांतता. दुसरी मुलगी तत्त्वांवरच थांबली. पाचवा, सहावा, नववा, तेच. एक मूल अडलं तर ते मूल कच्चं म्हणता येईल. पण चिठ्ठीने निघालेली, एकेकटी बोलावलेली चौदा मुलं एकाच पायरीवर अडखळतात, तेव्हा पायरीच बघायला हवी. या पद्धतीचा सगळा जीव इथे आहे. मुलाखत एकेकाची होते, पण वाचायचा तो सगळ्यांच्या उत्तरांतला नमुना.

आता मोजपट्टीकडे, म्हणजे आमच्याकडे. माणूस हे फार लबाड उपकरण आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 मध्ये दाखवलं की, वरिष्ठ लष्करी अधिकारी हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण मोजायला बसले, तरी एक गोष्ट आवडली की सगळ्याच रकान्यांत वर चढवत. संशोधक पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये नोकरीच्या निवड-चाचण्यांची जुनी आकडेमोड पुन्हा तपासली. ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध 0.42 निघाला, मोकळ्याढाकळ्या मुलाखतीचा 0.19. (पूर्ण जुळणी म्हणजे 1.) आम्हाला वाटतं, पाच मिनिटं गप्पा मारल्या की माणूस ओळखतो. मीही वीस वर्षं हेच सांगत आलो होतो.

म्हणून प्रत्येक मुलासमोर दोघं बसलो आणि एकमेकांचा कागद न बघता शेरे लिहिले. संध्याकाळी जुळवले तर 80 टक्के एकमत. आमचे एक सहकारी खूश झाले. पण हिशेब करा. सगळ्या प्रश्नांचे शेरे मिळून दोघंही 10 पैकी 8 वेळा 'जमलं' म्हणणारे असतील, तर डोळे मिटून शेरे वाटले तरी 100 पैकी 64 वेळा दोघांचंही 'जमलं' येईल आणि 4 वेळा दोघांचंही 'नाही'. म्हणजे 68 नशिबानेच. उरलेल्या 32 पैकी आम्ही कमावले 12. भागाकार 0.375. जेकब कोहेनने 1960 मध्ये मांडलेला हा 'कप्पा'. त्यात 0 म्हणजे निव्वळ नशीब, 1 म्हणजे पूर्ण एकमत. आमचं एकमत बेताचंच होतं. दुसऱ्या दिवशी आधी 'जमलं' म्हणजे नक्की काय ते ठरवलं. उदाहरणार्थ, माझ्या प्रश्नाला: क्रेट बाजूला काढणं, त्याच होडीचे बाकीचे क्रेट तपासणं, हिस्टामिनची चाचणी, नोंद. चारपैकी तीन सांगितले तर जमलं. मग भांडणं बरीच कमी झाली.

दोन मुलांनी मात्र मला गोंधळात टाकलं. देवगडकडचा एक मुलगा इंग्रजीत अडखळत होता. मी म्हटलं, घरी बोलतोस तसं सांग. "सर, बर्फ वरच टाकलो हा. तळाक घातलोच नाय." पुढची सगळी पावलंही त्याने बरोबर सांगितली. त्याला ज्ञानात शून्य देणार होतो आम्ही, भाषेच्या चुकीसाठी. भाषेचा रकाना तिथल्या तिथे वेगळा केला.

दुसरी मुलगी धडाधड उत्तरं देत सुटली. कल्ले, डोळे, बोटाने दाबल्यावर पडणारा खळगा. कुठे शिकलीस? "आई बाजारात मासळी विकते." मग हे श्रेय पदवीचं कसं धरायचं? ती पहिल्या वर्षातही हेच बोलली असती. त्यावर उपाय एकच, हेच प्रश्न नुकत्याच आलेल्या मुलांनाही विचारायचे आणि वजाबाकी करायची. यंदा ते राहिलं. त्यामुळे आमच्या अहवालातला 'काय चांगलं आहे' हा भाग मी स्वतः फारसा मनावर घेणार नाही.

अहवालात आमच्या एका माणसाने लिहिलं होतं, 'आयक्यूएफ फ्रीझर चालवता येत नाही.' (आयक्यूएफ म्हणजे एकेक नग सुटा गोठवणारं यंत्र.) ते मी खोडायला लावलं. तेवढं आम्ही पंधरा दिवसांत शिकवतो. आजचं यंत्र येतं का एवढंच बघून पदवी जोखायला लागलो, तर कॉलेज आमची शिकाऊ शाळा होईल.

राहिली ती चौदा मुलं. हॅसेपचा जन्म 1960 च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी झाला. पिल्सबरी कंपनी ते नासासाठी करत होती. तयार माल तपासून खात्री करायची, तर इतकं अन्न चाचणीतच संपायचं की खायला फार उरायचं नाही. म्हणून शेवटी तपासण्याऐवजी बिघाड जिथे होतो ती जागा धरायची. शेवटच्या वर्षाची मुलाखत म्हणजे तयार मालाची तपासणीच. मॅडमबरोबर आम्ही मागे मागे गेलो आणि प्रयोगशाळेत पोचलो. सहायकांनी प्रॅक्टिकल दाखवलं: स्टीलच्या ट्रेमध्ये एक बांगडा, पोटात थर्मामीटर, आकडा वहीत.

चार वर्षं मासा ट्रेमध्ये एकटाच. त्याला तळ नव्हताच.

सहायकांनी विचारलं, जुने क्रेट मिळतील का? प्लांटच्या मागे पडलेच होते. दोन धुऊन पाठवून दिले.