लसीसाठी दरवेळी नवा गर्भ लागतो का?
सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: लस बनवायला दरवेळी नवीन गर्भ लागतो. तसं नाहीये. रुबेला, कांजिण्यांच्या लसीतला व्हायरस जिवंत पेशींतच वाढतो, आणि त्यासाठीच्या डब्ल्यूआय-३८ (१९६२) आणि एमआरसी-५ (१९६६) या पेशी मुळात गर्भपातातल्या फुफ्फुसाच्या, हे खरंय, लपवायचं कारण नाही, पण तेव्हापासून विरजणासारखं त्याच पुढं वाढवत आणल्यात. साधारण ५० वेळा दुप्पट झाल्या की थांबतात, म्हणून सुरुवातीच्या कुप्या लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्यात, लागेल तशी त्यातनंच एखादी काढायची.
चेक करायचंय? दवाखान्यात लसीच्या खोक्यातला कागद मागा, बारीक अक्षरात ‘ह्युमन डिप्लॉइड सेल’ (म्हणजे माणसाच्या पेशी) किंवा पेशीचं नाव असतं. नाव मिळालं तर सेलोसॉरस (Cellosaurus) या पेशींच्या फुकट ऑनलाइन यादीत टाका, कुठल्या अवयवाची ते तिथं दिसतं.