परदेशातून जुनी बंदूक मागवण्याआधी : संग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑगस्ट २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार मुंबईत आली. राज्य सरकारने ती लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली होती. ती बातमी आल्यापासून आमच्याकडे चौकश्या वाढल्या आहेत आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : तलवार येते, मग बंदूक का नाही येणार? येते. पण तिची वाट वेगळी आहे, आणि ती वाट बोली लावण्याआधी समजून घेतली तरच स्वस्तात पडते. आमचं काम कस्टम क्लिअरिंगचं. माल बंदरात अडकल्यावर लोक आमच्याकडे येतात. हे पत्रक त्याआधी वाचावं म्हणून काढलं आहे.

तिकडे सुटलेली बंदूक इकडे सुटेलच असं नाही

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘अँटिक, लायसन्सची गरज नाही’ असं छापलेलं असतं. ते खरं असतं, पण त्या देशापुरतं. ब्रिटनमध्ये २०२१ च्या नियमांनुसार १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेलं आणि कालबाह्य पद्धतीने किंवा कालबाह्य काडतुसावर चालणारं हत्यार शोभेची वस्तू म्हणून विनापरवाना बाळगता येतं. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार संघराज्याच्या कायद्याने ‘अँटिक’ ठरतं. दोन्हीकडे पहिला प्रश्न वयाचा.

आपल्याकडे वय दुय्यम आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण एका अटीवर : ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. सगळं प्रकरण या अटीपाशी अडतं. नळी शाबूत, काना (आतली दारू पेटवायचं बारीक छिद्र) मोकळा, कळ चालू अशी अठराव्या शतकातली तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी बंदूक दिसायला म्युझियमची वस्तू असली तरी कायद्याच्या नजरेत बंदूकच. यात काही चूक आहे असंही आम्हाला वाटत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजही पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकांचे परवाने असतात. जे हत्यार आपल्या कोकणात अजून कामाचं आहे, ते निव्वळ शोभेचं कसं मानायचं?

म्हणून आमचा पहिला प्रश्न ‘किती जुनी?’ असा नसतो. ‘उडेल का?’ असा असतो.

उडणार नसेल, म्हणजे नळी फुटलेली, काना कायमचा बुजलेला, आतून गंजून गेलेली असेल, तर कलम ४५ ची सूट मागता येते. ती आपोआप मिळत नाही. कस्टमला खात्री पटावी लागते आणि ते तज्ज्ञाचं मत मागवू शकतात. उडणार असेल, तर कलम १० खाली आयातीचा परवाना लागतो, आणि शस्त्रांच्या प्रकरणात मोडणारा बहुतेक माल आयात धोरणात ‘प्रतिबंधित’ (रिस्ट्रिक्टेड, म्हणजे पूर्ण बंदी नाही पण परवानगी लागते असा) असल्याने विदेश व्यापार महासंचालनालयाचाही प्रश्न येतो. खासगी संग्राहकासाठी ही दुसरी वाट फार अवघड आहे. अशा वेळी ‘घेऊ नका’ असं आम्ही स्पष्ट सांगतो, आणि त्यापायी काम हातचं जातं तेही चालतं.

‘क्युरिओला आता लायसन्स लागत नाही ना?’

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने भारतीय नागरिकांना क्युरिओ, म्हणजे जुन्या, संग्रही ठेवायच्या प्रकारातली छोटी शस्त्रं परवान्याशिवाय घेण्याची आणि बाळगण्याची मुभा दिली, हे खरं. पण त्याच निर्णयात असंही आहे की ते शस्त्र वापरायला, सोबत न्यायला किंवा एका जागेहून दुसऱ्या जागी हलवायला योग्य तो परवाना लागेल. भिंतीवर टांगायची मोकळीक आहे, भिंतीपर्यंत आणायची नाही. ही मुभा म्हणजे आयातीचा परवाना समजून कुणी पैसे भरले तर बंदूक सहारच्या एअर कार्गोत पडून राहील आणि गोदामभाडं चढत जाईल.

भोक पाडून आणावी का?

ब्रिटनमध्ये हत्यार कायमचं निकामी करून लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचं (बंदुका तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र घेता येतं. आपलं कस्टम त्या कागदाला बांधील नाही, पण निकामी करण्याचं काम नेमकं कुठे, कसं झालं हे त्यावरून दाखवता येतं, म्हणून उपयोग होतो. कारखान्यात ढिगाने बनलेल्या मार्टिनी-हेन्रीसारख्या लष्करी बंदुकीला हे करायला हरकत नाही. पण कोफ्तगरीचं (लोखंडावर सोन्याची तार ठोकून केलेलं) सोनेरी काम असलेल्या दख्खनी नळीला ड्रिल लावणं आमच्या जिवावर येतं. अशी वस्तू तिकडेच एखाद्या संग्रहात राहिलेली बरी. हे आमचं वैयक्तिक मत. निर्णय तुमचा, पण एकदा पाडलेलं भोक बुजत नाही आणि वस्तूची किंमतही परत येत नाही.

ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलचा विचारच करू नका. .३०३ ची गोळी आजही चालते, तिथे जुनेपणाचा युक्तिवाद टिकत नाही.

कागद

इन्व्हॉइसवर नुसतं ‘ओल्ड गन’ लिहून आलं की घोळ झालाच म्हणून समजा. प्रकार (तोड्याची, चकमकीच्या दगडाची की दारू पेटवणाऱ्या टोपीची), अंदाजे काळ, बनावटीची जागा, नळीची लांबी, आणि ती उडण्याच्या स्थितीत आहे की नाही हे विकणाऱ्याकडून स्पष्ट लिहून घ्या. शिवाय चापाच्या पट्टीचे (उडवायची यंत्रणा जिच्यावर बसते त्या धातूच्या पट्टीचे), कान्याचे आणि नळीच्या तोंडाचे जवळून काढलेले फोटो हवेत. पूर्ण बंदुकीचा सुंदर फोटो कॅटलॉगला शोभतो, अधिकाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

वयाचा पुरावा बहुधा चापाच्या पट्टीवरच असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी बदामाच्या आकाराची खूण आणि १८०८ पासून मागच्या पायांवर उभा सिंह येतो, अनेकांवर सालही कोरलेलं असतं. मात्र खैबर खिंडीकडे बनलेल्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. तिथल्या कारागिरांना इंग्रजी वाचता येत नसे, त्यामुळे ‘टॉवर’ या ब्रिटिश शिक्क्याची अक्षरं वाकडी येतात, एखादं अक्षर चक्क उलटं असतं. देशी तोड्याच्या बंदुका तर जुन्याच धाटणीने फार उशिरापर्यंत बनत होत्या, तेव्हा नुसत्या घडणीवरून वय ठरवू नका.

हे वय कस्टम ड्युटीसाठी मात्र महत्त्वाचं ठरतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू टॅरिफच्या ९७०६ या शीर्षात बसतात, आणि शस्त्रांच्या ९३ व्या प्रकरणातून अशा वस्तू स्पष्टपणे वगळल्या आहेत. पुरावा नसेल तर ठासणीची बंदूक ९३०३ मध्ये जाते आणि सगळं गणित बदलतं. दर त्या दिवशीचा लागतो, म्हणून इथे छापत नाही. किंमत धरताना हातोडा पडला तो आकडा धरू नका : लिलावघराचं प्रीमियम, भाडं आणि विमा मिळवून मूल्य ठरतं. आणखी एक, शीर्ष ९७०६ चं म्हणून शस्त्र कायदा सुटला असा अर्थ होत नाही. दोन्ही हिशेब वेगळे आहेत.

हस्तिदंत आणि बंदुकीची दारू

सिंध, राजस्थानकडच्या बंदुकांच्या दस्त्यावर (खांद्याला टेकवायच्या भागावर) आणि रंजकदानीवर (कान्यापाशी घालायच्या बारीक दारूच्या डबीवर) हस्तिदंताचं काम असतं. तसं असेल तर तिथेच थांबा. वन्यजीव कायदा आणि वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय साइट्स करार, दोन्ही आडवे येतात, आणि इकडे ‘फक्त एवढीशी पट्टी आहे’ हे कारण चालत नाही. दस्ता उंटाच्या हाडाचा आहे असं विकणारा म्हणत असेल तर तसं लेखी मागा.

जुन्या ठासणीच्या बंदुका कधीकधी भरलेल्याच राहतात. शंभर वर्षं कोपऱ्यात उभी असलेली नळी आतून ठासलेली निघते. तपासणी सोपी आहे, आणि ती तिकडच्या तज्ज्ञाकडूनच करून घ्या : गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडापाशी खूण करायची, मग बाहेर काढून नळीला लावून बघायचा. गजाचं टोक कान्याच्या दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. गंज असेल, नाहीतर दारू आणि गोळी. नळी रिकामी असल्याचं पत्र सोबत नसेल तर आम्ही माल उचलत नाही. रंजकदानी आणि बारूददानीही रिकाम्या, धुतलेल्या हव्यात.

तिकडून निघणं

विकत घेतली म्हणजे आणता येईलच असं नाही. टिपू सुलतानसाठी १७९३-९४ मध्ये बनलेल्या चकमकीच्या बंदुकीची किंमत २० लाख पौंड धरली होती. ती ब्रिटनबाहेर जाऊ नये म्हणून २०२३ मध्ये तिथल्या सरकारने तिच्या निर्यातीला तात्पुरती बंदी घातली. तुमची खरेदी त्या दर्जाची नसेल, पण मोलाच्या जुन्या वस्तूला निर्यात-परवाना लागतो का, हे लिलावघराला आधीच विचारा. बऱ्याच कुरियर कंपन्या बंदूक या शब्दालाच घाबरतात, तेव्हा वाहतूकदारही आधी ठरवा. विमानातून सोबत आणणार असाल तर लाल वाहिनीतूनच (कस्टमला माल जाहीर करायच्या वाटेनेच) या. न सांगता आणलेलं हत्यार जप्त होतं आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हाही दाखल होऊ शकतो.

उलट दिशेचीही विचारणा येते : गावच्या वाड्यातली आजोबांची बंदूक मुलाकडे न्यू जर्सीला न्यायची आहे. ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. हे काम आम्ही घेत नाही.

आमच्याकडे येताना

लिलावाचा लॉट नंबर, कॅटलॉगचं पान, वर सांगितलेले तीन फोटो आणि विकणाऱ्याचा स्थितीबद्दलचा अहवाल पाठवा. शक्य असेल तर लिलावाच्या निदान दोन आठवडे आधी. एवढं बघून आणता येईल की नाही हे सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. काम घेतल्यावर फी, गोदामभाडं आणि तज्ज्ञाचा खर्च वेगवेगळा दाखवतो. बंदूक आधीच निघालेली असेल तर एअरवे बिलाचा नंबर घेऊन त्याच दिवशी या.