गुण वर गेले म्हणजे आजार झाला का?

आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की सांगलीत इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. चाळीस ऐकून कुणी 'घर बुडालं' म्हणत नाही. सामान माळ्यावर चढवतो आणि पुढचा आकडा विचारत बसतो. पोरांच्या मनाचा विषय आला की मात्र आपण चाळिसालाच बुडतो.

भाचीच्या शाळेत 'पीएचक्यू-९' ही नैराश्य चाचपण्याची प्रश्नावली भरून घेतली. गुण १२ आले, २७ पैकी. ताईचा रडत फोन, "हिला डिप्रेशन निघालंय रे!"

निघालं नव्हतं. ती चाळणी होती. नऊ प्रश्न, तेही फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. गुण १० किंवा त्याहून जास्त आले की पुढे तपासा, एवढाच त्याचा अर्थ. त्या पंधरवड्यात सहामाही चालू होती, झोपेचे नि भुकेचे गुण वाढणारच. निदान करताना डॉक्टर मुलीशी बोलतात, आईवडिलांशी वेगळं बोलतात, कधीपासून आणि शाळा-खेळ-मैत्रिणींत किती अडतंय ते विचारतात, थायरॉइड किंवा ॲनिमिया तर नाही ना तेही बघतात.

हिशोब करून बघा. समजा हजार मुलांत ७० खरोखर आजारी आहेत, आणि चाळणी आजारी व निरोगी दोन्ही ८० टक्के बरोबर ओळखते. आजाऱ्यांतले ५६ सापडतील. पण निरोगी ९३० पैकी १८६ सुद्धा अडकतील! म्हणजे अडकलेल्या २४२ पैकी जेमतेम पावभाग आजारी. संशोधनाच्या बातम्यांत गोंधळ होतो तो इथेच. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात सगळ्या मानसिक आजारांचा मिळून आकडा ७.३ टक्के आला, तो ठरावीक साच्याच्या मुलाखतींतून. नुसत्या प्रश्नावलीतून काढलेली टक्केवारी त्याच्या शेजारी मांडून 'प्रमाण तिप्पट झालं' म्हणणं म्हणजे इंच आणि फुटांची बेरीज.

आणि हो, वरच्या हिशोबात १४ आजारी मुलं चाळणीतून निसटलीच. त्यामुळे कमी गुण म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. नववा प्रश्न तर स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याशिवाय काही आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी मुलाशी बोलायचं, लागलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करायचा.

भाचीचा तिथे शून्य होता. तरी ताईला म्हटलं, दाखवून घे. मंगळवारचा नंबर लागलाय.