चेहऱ्याचा लकवा : रोजच्या जगण्यावरच्या परिणामाचं मोजमाप

चेहऱ्याच्या नसेचं काम बंद पडून तोंड वाकडं झालं की पेशंटच्या खाण्या-बोलण्यात आणि चारचौघांत वावरण्यात किती अडचण येते, हे आकड्यात पकडायची पद्धत. आयुर्वेदातलं अर्दित बहुतेक हाच आजार. सुश्रुत ते चेहऱ्यापुरतं ठेवतो, चरक मात्र अर्ध्या शरीरालाही अर्दित म्हणतो, त्यामुळे अर्दित आणि चेहऱ्याचा लकवा सरसकट एकच धरू नयेत.

आधी मोजमाप फक्त डॉक्टरच्या नजरेनं व्हायचं. १९८५ च्या हाउस-ब्रॅकमन पद्धतीत सहा पायऱ्या, पहिली म्हणजे नॉर्मल, सहावी म्हणजे पूर्ण लकवा. पण चूळ भरताना पाणी ओघळतं, घास गालात अडकतो आणि बोटानं काढावा लागतो, हे या पायऱ्यांत कुठे दिसणार? एकाच पायरीवरचा एक जण बिनधास्त हॉटेलात जेवतो आणि दुसरा घराबाहेरच पडत नाही, म्हणून मग थेट पेशंटलाच विचारणाऱ्या प्रश्नावल्या आल्या.

१९९६ चा फेशियल डिसॅबिलिटी इंडेक्स दहा प्रश्नांचा आहे, पाच शारीरिक (खाणं, पिणं, उच्चार, डोळ्यातून पाणी येणं किंवा डोळा कोरडा पडणं, दात घासणं) आणि पाच मन नि समाजाचे. याच्या गणितात एक गंमत आहे. शारीरिक भागात ५ म्हणजे काहीच त्रास नाही, १ म्हणजे तब्येतीमुळे ती गोष्ट करतच नाही, आणि ० म्हणजे करत नाही पण कारण वेगळंच. बेरजेतून प्रश्नांची संख्या वजा करायची, त्याच संख्येनं भागायचं नि २५ नं गुणायचं, त्यामुळे सगळीकडे ० आलं तर स्कोअर चक्क उणे २५! सामाजिक भाग १ ते ६ वर असल्यानं तिथे गुणायचं २० नं, आणि स्कोअर ० च्या खाली जात नाही. हे लक्षात न घेता दोन्ही भागांची थेट तुलना केली तर घोळ होतो.

२००१ च्या फेस स्केलमध्ये १५ प्रश्न आणि सहा गट : हालचाल, चेहऱ्याचा आराम, तोंडाचं काम, डोळ्याचा आराम, अश्रू, सामाजिक वावर. स्कोअर ० ते १००, जास्त म्हणजे चांगलं. एकूण आकड्यापेक्षा गटवार आकडे बघणं जास्त कामाचं वाटतं, कारण डोळ्याचा त्रास वाढला आणि ओठ सुधारला तर बेरीज जागच्या जागीच राहते. हसताना डोळा आपोआप मिटतो तसल्या नको त्या हालचालींसाठी २००७ मध्ये नऊ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आली.