शेवभाजीची तर्री, डालड्याचा डबा आणि तेलाबद्दल बदलत गेलेले सल्ले

आमच्याकडे जळगाव-धुळे पट्ट्यात कुणाचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाढून आला की घरात पहिली काळजी शेवभाजीची सुरू होते, आणि ती खरीच आहे, कारण वर लाल तर्री नसेल तर ती शेवभाजी कसली. माझी आजी म्हणायची, "तेल नही तं चव नही". वडिलांचा रिपोर्ट आला तेव्हा काकांनी सांगितलं शेंगतेल बंद करा, रिफाइंड सूर्यफूल आणा, आत्या म्हणाली करडई चांगली असते हृदयाला, शेजारचे म्हणाले सगळं सोडा, गावरानी तूप खा, आणि भाऊ थेट घाण्यावरून पाच लिटरचा कॅन घेऊन आला. मी तेव्हापासून या विषयाचं मिळेल ते वाचत गेलो आणि लक्षात आलं की यातले बरेच सल्ले कुणीतरी हवेतून काढलेले नाहीत, ते वेगवेगळ्या काळातले आहेत. शास्त्र पुढे सरकत गेलं आणि प्रत्येक टप्प्यावरचा एकेक सल्ला कुणाच्या ना कुणाच्या घरात तसाच राहून गेला.

सुरुवात फार जुनी आहे. फ्रान्सच्या शेव्ह्रलने चरबीवर बरीच वर्षं काम करून १८२३ मध्ये दाखवलं की चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि फॅटी ॲसिड यांची जोडणी. १९०४ मध्ये जर्मनीत क्नूपने शोधलं की शरीर फॅटी ॲसिड जाळतं ते एका टोकाकडून दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत. पण तोपर्यंत बहुतेकांची समजूत एकच, की तेल-तूप म्हणजे नुसतं सरपण, एका ग्रॅमला ९ कॅलरी, बाकी काही नाही. ही समजूत मोडली १९२९ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटात, जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवराबायकोने. त्यांनी उंदरांना बाकी सगळं दिलं, फॅट मात्र जवळजवळ शून्य, तर उंदरांची वाढ थांबली, कातडीला खवले आले, शेपट्या खराब झाल्या, पिल्लं होईनात. लिनोलिक ॲसिड दिल्यावर ते सुधारले. म्हणजे काही फॅटी ॲसिड शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. लिनोलिक आपल्याकडे शेंगदाणा, तीळ, करडई, सरकी सगळ्यात आहे, आणि त्याच्या जोडीचं दुसरं, अल्फा लिनोलेनिक, ते भरपूर कशात असेल तर आपल्या जवसात, त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त तेच. भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणाऱ्या बायांना हे नाव माहीत नव्हतं पण ताटात ते होतं.

आता जो भाग आपल्या खान्देशातून जातो तो. १९०२ मध्ये जर्मनीच्या नॉर्मनने पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायचं पेटंट घेतलं, १९११ मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेलं क्रिस्को बाजारात आलं, आणि भारतात १९३७ मध्ये डालडा. तूप परवडत नाही त्यांच्यासाठी तुपासारखं दिसणारं काहीतरी, म्हणून ते घरोघर शिरलं. २९ डिसेंबर १९४५ ला आपल्या अमळनेरला मोहम्मद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू केली, भुईमूग इथेच पिकतो, सुरत-भुसावळ रेल्वे दारात, आणि तिथे वनस्पती तूप, म्हणजे डालड्यासारखंच घट्ट केलेलं तेल, आणि कपड्याचा साबण बनू लागला. आजची विप्रो ती हीच. ज्या गावात साने गुरुजींनी शाळेत शिकवलं त्याच गावात हे. अमळनेरकरांना याचा अभिमान आहे आणि असावाच, त्या काळात वनस्पतीत काही वावगं आहे हे जगात कुणाला सिद्ध करता आलेलं नव्हतं. गांधीजींचा विरोध होता, पण तो मुख्यतः तुपाच्या नावाने लोकांना फसवलं जाईल म्हणून. म्हणूनच वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती, तुपात भेसळ केली तर प्रयोगशाळेत त्या तिळामुळे लाल रंग येऊन पकडता यावी.

आमच्या घरी तो पिवळा डालड्याचा डबा होता, आतलं संपल्यावर कितीतरी वर्षं त्यात आधी ज्वारी, मग तुळस. दिवाळीच्या शंकरपाळ्यांचा थंड झाल्यावर टाळूला चिकटणारा तो पांढरा थर ज्यांनी खाल्लाय त्यांना लगेच आठवेल.

त्या थरात काय होतं ते सांगतो. तेलातल्या फॅटी ॲसिडची साखळी नैसर्गिकरीत्या एका-दोन ठिकाणी वाकलेली असते. पऱ्हाट्यांची मोळी बांधताना वाकड्या काड्या घट्ट बसत नाहीत, फटी राहतात, तसंच, म्हणून तेल पातळ. सॅच्युरेटेड म्हणजे सरळ काड्या, घट्ट बसतात, तूप थंडीत गोठतं ते म्हणून. हायड्रोजन अर्धवट घातला की काही वाकड्या काड्या तोडल्या-जोडल्या न जाता नुसत्या सरळ होतात, दिसायला सॅच्युरेटेडसारख्या, ही झाली ट्रान्स फॅट. १९९० मध्ये हॉलंडच्या मेन्सिंक आणि काटान यांनी ५९ निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे वेगवेगळं खायला घालून दाखवलं की ट्रान्स फॅटने वाईट कोलेस्टेरॉल एलडीएल वाढतं आणि चांगलं एचडीएल कमीही होतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. डेन्मार्कने २००३ मध्ये कायद्याने मर्यादा घातली, आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा यायला १ जानेवारी २०२२ उजाडलं. मला हे फार उशिरा झालं असं वाटतं.

मधल्या काळात दुसरा गोंधळ चालू होता. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला आणि तिथे हा विषय घरोघर झाला. अँसेल कीज या अमेरिकी संशोधकाने १९५८ पासून सात देशांतल्या साडेबारा हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास सुरू केला, आणि १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सॅच्युरेटेड फॅट कमी करून तेलं वापरा असं सांगितलं. काकांचा रिफाइंडचा सल्ला मूळचा इथला. पण कीज यांच्याच अभ्यासात एक गोष्ट होती जी लोकांपर्यंत पोचताना गळाली: ग्रीसच्या क्रीट बेटावरचे लोक फॅट भरपूर खात होते, जवळपास फिनलंडवाल्यांइतकं, तरी क्रीटमध्ये हृदयविकार फार कमी आणि फिनलंडमध्ये फार जास्त. क्रीटचं फॅट ऑलिव्ह तेलाचं, फिनलंडचं दूध-लोण्याचं. प्रश्न किती फॅट हा कमी आणि कोणतं हा जास्त होता, पण आपल्यापर्यंत आलं ते फक्त "तेल कमी करा". पुढे ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पेशींवरचे, विशेषतः लिव्हरवरचे, एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर शोधले, १९८५ चं नोबेल मिळालं, आणि मग कळलं की सॅच्युरेटेड जास्त झालं की हे रिसेप्टर सुस्तावतात, एलडीएल रक्तात फिरत राहतं.

आत्याच्या करडईचीही गोष्ट आहे. करडईच्या तेलात लिनोलिक साधारण तीन चतुर्थांश, त्याने कोलेस्टेरॉल उतरतं हे खरं. पण सिडनीत १९६६ ते १९७३ हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला, एका गटाला करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं, तर त्या गटात मृत्यू जास्त निघाले. त्याचा पूर्ण हिशोब २०१३ मध्ये पुन्हा मांडला गेला आणि अजून वाद आहे, मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असेल म्हणणारेही आहेत. करडई विष आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. मला त्यातून दिसतं ते एवढंच की एकाच तेलाला औषध समजून तेच ओतत राहणं बरोबर नाही.

मग घाण्याचं शेंगतेल? आमच्या गावात लाकडी घाणा होता, बैल फिरायचा, शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, गरम असतानाच गुळाबरोबर खायला मिळायची. आज शहरात मोटरवरचे घाणे पुन्हा निघालेत आणि भुईमूगही आपलाच, फुले प्रगती म्हणजे जेएल २४ हे वाण जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातलं. शेंगदाणा तेलात साधारण निम्मं ओलिक, तेच जे ऑलिव्हमध्ये मुख्य असतं, तीसेक टक्के लिनोलिक आणि उरलेलं बहुतेक सॅच्युरेटेड. यात घाण्याचं तेल असो की रिफाइंड, फॅटी ॲसिड तीच राहतात, घाण्यात वास, चव आणि थोडं व्हिटॅमिन ई राहतं हा फरक. म्हणून भावाचं तेल चांगलं आहे, पण घाण्याचं म्हणून दुप्पट खाल्लं तर कॅलरी तेवढ्याच दुप्पट.

खरी भीती मला वेगळीच वाटते. १९९४ नंतर पामतेलाची आयात खुली झाली, पामतेलात जवळपास निम्मं सॅच्युरेटेड, आणि ते दिसत नाही, ते बिस्किटात, फरसाणात, हॉटेलच्या कढईत असतं. त्यात एकच तेल दिवसभर तापवत राहिलं की काळं पडतं, जळका वास येतो, त्यात तळलेली शेव आपण घरच्या स्वच्छ तर्रीत सोडतो आणि दोष तर्रीला देतो.

वडिलांचं सांगायचं तर घरात आता महिन्याला माणशी तेल मोजून येतं, शेंगदाणा आणि तीळ आलटून-पालटून, जवसाची चटणी रोज, तूप पुरणपोळीवर. वनस्पती आणि बाहेरचं तळलेलं बंद. शेवभाजी रविवारी होते, तर्रीसकट, फक्त शेव घरी पाडलेली.